मतभेद आणि फितुरी : पानिपतविषयक वाङ्मयाचा एक विचार

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी माणसाकडे गावाकडचे पाहुणे उतरले, म्हणजे कुतुबमिनार आणि आग्रा यांच्या जोडीने एक दिवस पानिपतासाठी राखून ठेवावा लागतो. शेरशाहाच्या जुन्या सडकेने उत्तरेस निघावे, घोंगड्या-सतरंज्यांच्या त्या गजबजलेल्या शहरास वळसा घालावा आणि काला आंब येथील स्तंभापाशी जाऊन उभे राहावे, असा हा ठरलेला क्रम आहे. तेथे क्षणभर स्तब्ध राहिल्यावर पाहुण्यांपैकी कोणी तरी हटकून विचारतो, "पण मग दगा नक्की कोणी दिला?" हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याच्या उत्तरापेक्षा त्या प्रश्नाचाच विचार करावा असे आता वाटू लागले आहे. "मसलतीत कोणाचे म्हणणे काय होते?" असे कोणी विचारीत नाही. "दगा कोणाचा?" एवढेच विचारले जाते.

आपल्या भाषेनेही या प्रसंगाची नोंद याच दृष्टीने करून ठेवली आहे. कोणी 'विश्वास ठेवा' म्हटले, की 'विश्वास तर पानिपतात गेला' असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात नानासाहेब पेशव्यांच्या कोवळ्या वयाच्या पुत्राच्या नावावर केवळ कोटी नाही. पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१, या दिवशी माणसांबरोबर माणसांवरचा विश्वासही मेला, ही लोकसमजूत त्यात साठवलेली आहे. ही समजूत घडविली ती आपल्या वाङ्मयाने. म्हणून बखरींपासून कादंबरीपर्यंत पसरलेल्या पानिपतविषयक लेखनाने निष्ठेचा प्रश्न कसा हाताळला, याची तपासणी करणे अप्रस्तुत होणार नाही. ही तपासणी केवळ इतिहासप्रेमींसाठी नाही. आजच्या राजकीय पक्षांविषयी आपण जी भाषा बोलतो, तिची मुळेही याच वाङ्मयात सापडतात.

प्रथम बखरींकडे वळू. कृष्णाजी शामराव याच्या नावावर असलेली 'भाऊसाहेबांची बखर' काय, किंवा रघुनाथ यादवाची 'पाणिपतची बखर' काय, इतिहास म्हणून त्यांच्या प्रत्येक वाक्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु वाङ्मय म्हणून भाऊसाहेबांच्या बखरीत एक गुण आहे, आणि तो पुढच्या लेखकांना क्वचितच साधला आहे. बखरकार विरुद्ध मताच्या माणसास बोलू देतो. मल्हारराव होळकर दत्ताजी शिंद्यास नजीबखानाचा समूळ नाश करू नये असे सुचवितो, तो प्रसंग या दृष्टीने मुळातून वाचावा. उत्तरेत कोणी शत्रू उरलाच नाही, तर पुण्याच्या धन्याला आपली गरज ती काय राहणार, असा त्या बोलण्याचा आशय आहे. या उक्तीत स्वार्थ आहे. पण तो निर्बुद्ध नाही. प्रांतातल्या सुभेदाराने मध्यवर्ती सत्तेपुढे आपले वजन टिकवावे कसे, या कोणत्याही संघराज्यात उद्भवणाऱ्या प्रश्नाचे ते एक रोखठोक उत्तर आहे. बखरकार त्याचे समर्थन करीत नाही, तसेच ते उत्तर दडपूनही टाकीत नाही. वाचकास मल्हाररावाचा राग येतो, आणि तरीही त्याचे म्हणणे कळते.

१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पानिपतविषयक लेखनाचे स्वरूप पालटले. अस्सल पत्रे पुढे आली. भाऊसाहेबांनी गोविंद बल्लाळ बुंदेल्यास पैशासाठी, धान्यासाठी, शत्रूची रसद मारण्यासाठी लिहिलेले ताकीदवजा शब्द मराठी वाचकाने प्रथमच वाचले. राजवाड्यांच्या प्रस्तावनेचे ऋण मान्य करूनही तिच्या घडणीविषयी एक आक्षेप नोंदविणे अवश्य वाटते. ती घडण चौकशी-अधिकाऱ्याच्या अहवालाची आहे. मोहीम फसली आहे. तेव्हा कसूर कोणाची ते ठरवावयाचे. पत्रांची छाननी होते, आरोप निश्चित होतात, आणि शेवटी गोविंदपंत व मल्हारराव हे दोन प्रमुख दोषी म्हणून उभे केले जातात. आपल्यापैकी ज्यांनी खातेनिहाय चौकश्या चालविल्या असतील, त्यांना या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही परिचित असतील. कोणी काय केले नाही, हे अशा चौकशीत उत्तम कळते. ते त्याला करणे शक्य होते काय, आणि जे ठरले ते त्याच्या संमतीने ठरले होते काय, हे मात्र बहुधा दप्तराबाहेरच राहते.

गोविंदपंताचेच पाहा. वसुलाचा पैसा वेळेवर पोचला नाही, हे खरे. परंतु हा उतारवयाचा मामलेदार डिसेंबर १७६० मध्ये अंतर्वेदीत शत्रूची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असतानाच मारला गेला. ज्याच्यावर निष्ठेच्या अभावाचा ठपका ठेवावयाचा, तो धन्याने सांगितलेले काम करीत असता प्राणास मुकला, या गोष्टीला आरोपपत्रात जागा मिळत नाही. तो अकार्यक्षम असेल. हिशेबात चोख नसेल. पण अकार्यक्षमता आणि फितुरी हे दोन निरनिराळे रकाने आहेत, आणि एकातील नोंद दुसऱ्यात चढविणे योग्य नव्हे.

त्र्यं. शं. शेजवलकरांचा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली, युद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, मराठीत आला. व्यक्तींच्या दोषांवरून नजर उचलून ती धोरणाकडे वळविणे, ही या ग्रंथाची मोठी कामगिरी होय. परकीय आक्रमकाविरुद्ध हिंदुस्थानातील सत्तांनी एकत्र यावे, ही भाऊसाहेबांची भूमिका त्यांनी ठळकपणे पुढे मांडली आणि पराभवाला अर्थ दिला. त्यानंतर १९८८ साली विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी आली, आणि तिने भाऊसाहेबांना घराघरांतील वाचकाच्या हृदयात शोकनायक म्हणून बसविले. कादंबरीचा आवेग, तिचा तपशील, उपासमारीने खंगणाऱ्या छावणीचे तिचे चित्र यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण एकदा भाऊंना नायक केले, की कथानकाचा कल ठरून जातो. जो त्यांच्याशी सहमत तो निष्ठावंत, आणि जो असहमत तो नायकाच्या वाटेतील धोंडा! वाचकाचे अश्रू भाऊंसाठी खर्च होतात, आणि मल्हारराव काय म्हणत होता, हे ऐकण्यास कोणी उरत नाही. बखरीपासून कादंबरीपर्यंत आपल्या कलेची प्रगती झाली खरी. पण विरुद्ध मताचे माणूस समजून घेण्याच्या बाबतीत मात्र आपण काहीसे मागे आलो.

येथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : मसलतीत उघडपणे केलेला मतभेद, उघडपणे घेतलेली माघार, आणि गुप्तपणे केलेली फितुरी. या तीन मापांनी १७६० सालची माणसे मोजून पाहावीत.

सूरजमल जाटाने सल्ला दिला, की बुणगे आणि कुटुंबकबिला मागे ठेवावा, जड तोफखान्याचे ओझे घेऊ नये, आणि शत्रूस दमवून मारावे. मल्हाररावाचे मतही त्याच बाजूचे होते. तो सल्ला धुडकावला गेला. त्या वेळी दोघांचा अपमान झाल्याच्या कथा परंपरेने आजवर चालत आल्या आहेत. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यानंतर सूरजमल सैन्यासह निघून गेला. ही माघार होय, आणि ती महागात पडली. परंतु तो अब्दालीस मिळाला नाही. पराभवानंतर उपाशी, जखमी, वस्त्रहीन मराठे त्याच्या मुलखात शिरले, तेव्हा त्याने त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. जो संघ सोडून गेला त्यानेच संघाच्या अवशेषांची लाज राखली, ही गोष्ट निष्ठेविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांत बसत नाही, म्हणून तिचा उल्लेख आपण ओझरता करून पुढे जातो.

इब्राहिमखान गारदी याचे उदाहरण उलट टोकाचे. पूर्वी निजामाच्या पदरी असलेला हा सरदार. मराठी मसलतींत उपराच. त्याचे मत मान्य झाले, पायदळ-तोफखान्याच्या आधाराने गोल बांधून लढावयाचे ठरले. तो आपल्या मतास आणि धन्यास शेवटपर्यंत जागला, कैद झाला आणि मारला गेला. परंतु ज्या सरदारांस हा गोल कधीच पटला नव्हता, त्यांतील विंचूरकर-गायकवाडांच्या घोडदळाने उतावळी करून तो मोडला, असे परंपरेने सांगितले जाते. यात फितुरी कोठेच नाही. ठरलेली योजना मनापासून आपली वाटत नसली, की ऐन वेळी हात जुन्या सवयीकडे वळतो, इतकेच यात दिसते.

राहिला मल्हारराव. विश्वासराव पडल्यावर आणि दिवस फिरल्यावर तो रणातून निघून गेला, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. पण विठ्ठल शिवदेव निघाला, दमाजी गायकवाड निघाला, जखमी महादजी वाचला, एकोणिसाव्या वर्षात असलेले नाना फडणीसही वाचले आणि त्यांनी आपली ती फरपट आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहूनही ठेवली. मग पळाल्याचा डाग एकट्या होळकराच्याच कपाळी का? कारण उघड आहे : मसलतीत त्याने विरोध केला होता. आधीच्या मतभेदाचा पुरावा नंतरच्या माघारीच्या आरोपास जोडला गेला आणि त्या बेरजेस आपण फितुरी हे नाव दिले.

याचा अर्थ मल्हाररावास निर्दोष ठरवावा असा नव्हे. १७५७ साली नजीबखान हाती सापडला असता मल्हाररावाने त्याला वाचविले, आणि त्याच नजीबाच्या कारस्थानाने अब्दाली पुन्हा आला; १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडला. येथे मल्हारराव खरोखर दोषी दिसतो. मात्र तो दोष मतभेदाचा नाही. संघाने ठरविलेल्या धोरणाच्या आड त्याने आपले खाजगी धोरण चालविले, हा तो दोष. मसलतीत "हे मला मान्य नाही" म्हणणारा आणि मसलतीबाहेर परस्पर करार करणारा यांना एकाच दोरीने बांधणे, ही आपल्या पानिपतविषयक टीकेची मूळ चूक आहे. आणि रणांगणावरून शत्रूच्या गोटात जाऊन मिळालेला असा एकही मोठा मराठा सरदार १४ जानेवारीस दाखविता येत नाही, हे विसरू नये.

मग मोहीम बुडाली कशाने? भूक, अंतर, पैसा, यमुनेचा पूर, बागपताजवळ अब्दालीने साधलेला उतार, ही कारणे आहेतच. पण आपल्या विषयापुरते पाहता, मराठी संघाजवळ मतभेद ऐकून घेऊन त्याचा निकाल लावणारी आणि तो निकाल सर्वांचा करणारी कोणतीही रीत नव्हती. शिंदे-होळकरांचे वितुष्ट कुंभेरीच्या वेढ्यापासून, म्हणजे १७५४ पासून, धुमसत होते; ते मिटविण्यास कोणी बसले नाही. परिणामी दोन्ही योजना अर्ध्याच अमलात आल्या. बुणगे सोबत आणल्याने गनिमी काव्याची वाट बंद झाली, आणि गोल मोडल्याने तोफखान्याची. दोहोंपैकी कोणतीही एक योजना पूर्णत्वास नेली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. दोन अर्ध्यांची बेरीज एक झाली नाही, एवढे मात्र सांगता येते.

आता आजच्या राजकीय पक्षांकडे वळावे. विरुद्ध मतांची माणसे एका छत्राखाली कशी नांदवावी, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. अमेरिकेतील पक्षांचे उदाहरण घ्या. तेथे दीर्घकाळ डेमोक्रॅटिक पक्षात दक्षिणेकडील वंशभेदाचे समर्थक आणि उत्तरेकडील उदारमतवादी एकत्र नांदत होते. १९६४ चे नागरी हक्क विधेयक तेथील प्रतिनिधिगृहात प्रथम मतास आले, तेव्हा डेमोक्रॅटांपैकी १५२ अनुकूल आणि ९६ प्रतिकूल, तर रिपब्लिकनांपैकी १३८ अनुकूल आणि ३४ प्रतिकूल गेले. अध्यक्ष जॉन्सन डेमोक्रॅट; विधेयक त्यांचे; आणि त्यांच्याच पक्षातील ९६ जणांनी ते उघडपणे नाकारले. त्या ९६ जणांची बाजू न्यायाची नव्हती, ही गोष्ट अलाहिदा. मतभेदास जागा ठेवली, म्हणजे ती जागा कधी कधी अन्यायाच्या कैवाऱ्यांसही मिळते, ही त्या व्यवस्थेची किंमत होय. त्याच वर्षी सिनेटर थर्मंड यांनी उघडपणे पक्ष सोडला. मौज अशी, की १९५० साली तेथील राज्यशास्त्रज्ञांच्या एका समितीने तक्रार केली होती, की आमचे पक्ष फार सैल आहेत, त्यांना शिस्त हवी! आज दोन्ही पक्ष विचाराने इतके एकजिनसी झाले आहेत, की मतदानात पक्षाविरुद्ध जाणारा सदस्य दुर्मिळ झाला आहे. सदस्याचे मत बांधून ठेवणारा कायदा नसतानाही हे झाले. तात्पर्य, मतभेदाची जागा कायद्याने जितकी ठरते, तितकीच ती राजकारणाच्या सवयीनेही ठरते.

आपल्याकडे या प्रश्नाची गाठ योगायोगाने पानिपताच्याच परिसरात पडली आहे. १९६१ साली युद्धास दोनशे वर्षे झाली, तेव्हा पानिपत पंजाब राज्यात होते, आणि पंजाबचे राज्यपाल होते काकासाहेब गाडगीळ. हे तेच गाडगीळ, ज्यांनी राज्यपुनर्रचनेच्या वादात महाराष्ट्राची बाजू आपल्याच पक्षाच्या सरकारसमोर लोकसभेत परखडपणे मांडली, तरी पक्ष सोडला नाही, आणि १९५७ साली काँग्रेसचे उमेदवार म्हणून पुण्यात पराभवही पत्करला. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. यशवंतराव चव्हाणांनी नेहरूंच्या नेतृत्वास कौल दिला, आणि त्याबद्दल त्यांना सूर्याजी पिसाळ म्हणून हिणविले गेले. एकाच प्रश्नावर एकाने आत राहून विरोध केला, दुसरा उघडपणे बाहेर पडला, तिसऱ्याने निर्णय स्वीकारला. तिन्ही वर्तने प्रामाणिक असू शकतात, हे आज आपण मान्य करतो. त्या वेळी मात्र इतिहासातील फितुराचे नाव शिवीसारखे वापरण्यात आले, आणि तो संस्कार आपल्या वाङ्मयाचाच होता.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले, पानिपत त्यात गेले; आणि पुढच्याच वर्षी त्या राज्यातील गयालाल या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलून 'आयाराम-गयाराम' हा शब्द साऱ्या देशाला दिला. पक्षांतराच्या प्रश्नावर जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण! ज्यांना फितूर म्हटले गेले होते, त्यांच्याकडेच फितुरीचा विचार करण्याचे काम आले. पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती, असे त्या समितीच्या निदर्शनास आले. रोग मतभेदाचा नव्हता, सौद्याचा होता, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. पुढे स्वतः चव्हाणांनाही काँग्रेसच्या फुटीत बाजू बदलावी लागली आणि पुन्हा परतावे लागले, हेही नमूद केले पाहिजे.

१९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. त्याने सौदा रोखण्याचा प्रयत्न केला. पण त्याच कलमांनी पक्षादेशाविरुद्ध दिलेले मतही सदस्यत्व घालविण्यास पुरेसे ठरविले. म्हणजे मंत्रिपदासाठी पलीकडे जाणारा आणि एखाद्या विधेयकावर सदसद्विवेकाने विरुद्ध मत देणारा, दोघांना एकच शिक्षा. राजवाड्यांच्या प्रस्तावनेत मल्हारराव आणि गोविंदपंत ज्या रकान्यात गेले, त्याच रकान्यात कायद्याने प्रामाणिक असहमतीस बसविले. सौदे थांबले म्हणावे, तर तसेही नाही. एकतृतीयांश फुटीची सवलत २००३ साली काढून टाकावी लागली, आणि २०२२ व २०२३ साली महाराष्ट्रातील दोन पक्ष दुभंगले, तेव्हा 'गद्दार' आणि 'निष्ठावंत' हे दोनच शब्द आपल्या सार्वजनिक भाषेत शिल्लक राहिले. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूस, हा या लेखाचा विषय नाही. इतक्या मोठ्या प्रसंगास पुरणारे तिसरे नाव आपल्या भाषेस सुचू नये, याचे वैषम्य मात्र वाटते.

वास्तविक ते तिसरे नाव आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या कामात आहे. फाईलवर आपले विरुद्ध मत कारणांसह नोंदवावे, वरिष्ठाचा निर्णय झाला म्हणजे तो आपलाच समजून अमलात आणावा, आणि तो अमलात आणणे अशक्यच वाटले तर उघडपणे बाजूस व्हावे, ही सचोटीच्या अधिकाऱ्याची रीत. ती नेहमी पाळली जाते असे नाही. विरुद्ध शेरा लिहिणाऱ्यास बदलीचा हुकूम मिळाल्याचेही आपण पाहिले आहे. तरी रीत म्हणून ती मान्य आहे, आणि तिच्यात मतभेदाला कागदावर जागा आहे. भाऊसाहेबांच्या डेऱ्यात ती जागा नव्हती. आपल्या विधानसभांतही ती दिवसेंदिवस आखडत चालली आहे.

पानिपतावर अजून पुष्कळ लिहिले जाईल. मराठी लेखकाकडे एकच मागणे आहे, की पुढच्या कृतीचा मध्य रणांगणावर न ठेवता मसलतीच्या डेऱ्यात ठेवावा. तेथे मल्हाररावास आणि सूरजमलास पूर्ण बोलू द्यावे, भाऊंस त्यांना उत्तर द्यावयास लावावे, आणि इब्राहिमखानाचे म्हणणे सर्वांस ऐकू यावे. आणि पुढच्या खेपेस काला आंबापाशी पाहुण्याने "दगा कोणी दिला?" असे विचारले, तर त्याला दोष न देता सूरजमलाच्या मुलखात जखमी मराठ्यांना मिळालेल्या अन्नाची हकीकत आधी सांगावी. मग त्याचा प्रश्न आपोआप बदलेल, अशी आशा आहे.